उपकेंद्रातल्या नर्सला औषध सुरू करण्याचा अधिकार द्या : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, आरोग्य सेवा, मा. कुलगुरू, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याची आढावा बैठक झाली. त्या बैठकीत आम्हा समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, म्हणजे सीएचओंना, दोन सूचना मिळाल्या. पहिली : उच्च रक्तदाब आणि मधुमेहाचे 'उपचारावर असलेले' रुग्ण कमी दिसतात, आकडा वाढवा. दुसरी : वैद्यकीय अधिकाऱ्याच्या चिठ्ठीशिवाय कुणालाही गोळी सुरू करू नका, तक्रार आली तर जबाबदारी तुमची. दोन्ही सूचना एकाच माणसाने दिल्या. त्यात काही विसंगती आहे असं समोर बसलेल्या कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही, कारण आम्हाला याची सवय झाली आहे. ही सवय मला नकोशी झाली म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते आपल्याला उद्देशून आहे, पण उपकेंद्राच्या पायरीवर ज्यांचे आईवडील बसतात त्या सगळ्यांनी ते वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

मी बी.एस्सी. नर्सिंग केलेली परिचारिका आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करून नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातल्या एका उपकेंद्रात रुजू झाले. तेव्हा त्या इमारतीवर 'आरोग्यवर्धिनी केंद्र' अशी पाटी होती, आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी आहे. आदिवासी आणि डोंगराळ भागात एका उपकेंद्रामागे ३,००० लोकसंख्या धरतात, सपाटीला ५,०००. माझ्याकडचे पाडे डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र सतरा किलोमीटरवर आहे. एसटी सकाळी एकदा जाते, बाकी वेळी काळी-पिवळी भरली तर भरली.

२०१८ साली आयुष्मान भारत योजना आली, तेव्हा देशभर दीड लाख उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं अशा केंद्रांत बदलायची असं ठरलं. कल्पना चांगली होती, आजही आहे. उपकेंद्र म्हणजे फक्त लसीकरण आणि गरोदर मातांची नोंद, हे चित्र बदलायचं होतं. बारा प्रकारच्या सेवा, उपकेंद्रावर १०५ औषधं आणि १४ तपासण्या, आणि हे सगळं सांभाळायला एक प्रशिक्षित माणूस. तो माणूस म्हणजे आम्ही. जगात ज्याला नर्स प्रॅक्टिशनर म्हणतात त्याचंच काम इथे आमच्याकडून अपेक्षित आहे : रुग्ण तपासणं, साधा आजार ओळखून उपचार करणं, जुनाट आजाराचा पाठपुरावा ठेवणं, धोका दिसला की वेळेत वर पाठवणं. फरक एवढाच की नर्स प्रॅक्टिशनरला ते करण्याचा परवाना असतो. आमच्याकडे नेमणुकीचं पत्र आणि टॅब आहे.

हा फरक कागदावर छोटा दिसतो. रुग्णाच्या बाजूने तो कसा दिसतो, ते सांगते.

एका पाड्यावरच्या आजी नागलीच्या लावणीच्या दिवसांत उपकेंद्रात आल्या होत्या. वय साठीच्या पुढे, डोकं जड वाटतं एवढीच तक्रार. रक्तदाब १६८/१०४. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतला, १६६/१०४. आठवड्याने आशाताईंनी त्यांना परत आणलं, तेव्हाही तेवढाच. साखर ठीक होती, छातीत दुखणं नाही, पायाला सूज नाही. माझ्या मागच्या लोखंडी कपाटात अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम या रक्तदाबाच्या गोळीच्या पट्ट्या होत्या. भिंतीवर उपचाराचा तक्ता होता आणि त्या तक्त्याची पहिली पायरी हीच गोळी. ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलून चिठ्ठी घेता येते, म्हणून मी टॅब घेऊन बाहेर जांभळाखाली गेले, तिथे एक-दोन काड्या रेंज येते. रांगेत नंबर लागला, आवाज तुटला, कॉल गेला. दुसऱ्यांदा तेच. शेवटी त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात जायची चिठ्ठी दिली. लावणी आटोपून त्या गेल्या. त्या दिवशी वैद्यकीय अधिकारी जिल्ह्याला प्रशिक्षणासाठी गेलेले होते आणि दुसरं पद रिकामं होतं. आजी परत आल्या, आणि पुन्हा काही खाली उतरल्या नाहीत. भाताची कापणी सुरू झाली त्या सुमारास मुलगा त्यांना जीपमध्ये आडवं घालून घेऊन आला. उजवी बाजू गेली होती, बोलता येत नव्हतं.

गोळी वेळेवर सुरू झाली असती तर लकवा नक्की टळला असता, असं मी म्हणणार नाही. एका रुग्णाबद्दल असं कुणीच सांगू शकत नाही. पण रक्तदाब आटोक्यात राहिला तर लकव्याचा धोका कमी होतो, हे वैद्यकशास्त्रातलं सर्वांत पक्कं ज्ञान आहे. ती गोळी माझ्यापासून चार फुटांवर होती, आणि ती द्यायची की नाही हे ठरवणारा माणूस सतरा किलोमीटरवरही नव्हता.

आजी एकट्या नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातले १५ वर्षांवरचे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया यांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा त्यासाठी ते गोळ्या घेतात. आशाताई घरोघरी जाऊन तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखण्याची प्रश्नावली, भरतात, आम्ही तपासतो, पोर्टलवर 'संशयित' म्हणून नाव चढतं. पुढची पायरी डॉक्टरांची. तिथे माणसं गळतात. आमचे लोक दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये जगायला जातात. ज्याचं पोट रोजंदारीवर आहे तो एका गोळीच्या चिठ्ठीसाठी दोनदा मजुरी बुडवत नाही. तो बागेजवळच्या कुठल्या तरी बोगस डॉक्टरकडे जातो, सलाइन लावून घेतो, आणि बरं वाटलं म्हणून परत येतो. 'नर्सच्या हातात औषध दिलं तर गरिबांवर प्रयोग होईल' असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आमच्या पाड्यांवर नर्सला पर्याय एमबीबीएस डॉक्टर नाही. पर्याय बोगस डॉक्टर आहे.

महोदय, माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही आहे : शासनाला नर्सवर विश्वास ठेवता येतो, हे शासनानेच अनेकदा सिद्ध केलं आहे, आणि तरीही इथे तो ठेवला जात नाही.

प्रसूतीच्या कुशल सेवेसाठी केंद्र सरकारने २०१० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना पाहा. गरोदर बाईला झटके आले, तर एएनएम सिस्टरने, म्हणजे उपकेंद्रातल्या आरोग्यसेविकेने, वर पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायचा आहे : १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, खोल स्नायूत. हे साधं औषध नाही, चुकलं तर श्वास थांबू शकतो. तरी परवानगी दिली, कारण नाही दिली तर आई वाटेत जाते. २०१४ साली ठरावीक परिस्थितीत लहान बाळाच्या जंतुसंसर्गासाठी एएनएमला जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देण्याची मुभा मिळाली. कॉपर-टी नर्स बसवते. क्षयाच्या गोळ्या तर आशाताई समोर उभं राहून देतात. दोन वर्षांचं प्रशिक्षण घेतलेल्या माझ्या एएनएम सिस्टरला मॅग्नेशियम सल्फेटची मुभा आहे (आणि ती असायलाच हवी), पण चार वर्षांची पदवी आणि वर सहा महिने शिकलेल्या मला अॅम्लोडिपिन सुरू करण्याची नाही. याला वैद्यकीय कारण काय, ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

आणि जेंटामायसिनची ती मुभा मुळात आली कुठून, ते महाराष्ट्राने तरी विसरू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यातल्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी निरक्षर बायकांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून उभं केलं आणि जगभरचे लोक ते पाहायला आले. त्यामुळे 'डॉक्टर नसलेल्या माणसाच्या हातात उपचार' ही परदेशातून आणायची कल्पना नाही. या राज्याच्या मातीत ती पन्नास वर्षं रुजलेली आहे. फक्त ती संस्थांच्या कामात राहिली, सरकारी नियमात उतरली नाही.

परदेशात ती नियमात उतरली. १९६५ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने डॉ. हेन्री सिल्व्हर यांच्याबरोबर पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. फोर्ड बाई ग्रामीण भागात सार्वजनिक आरोग्याचं काम करत होत्या आणि तिथल्या मुलांना डॉक्टर मिळत नव्हते. त्यांना पडलेला प्रश्न आणि मला जांभळाखाली पडलेला प्रश्न एकच आहे. गेल्या वर्षी, २०२५ च्या जानेवारीत, त्या वयाच्या १०४ व्या वर्षी गेल्या. ब्रिटनमध्ये पात्र परिचारिका २००६ पासून जवळपास सगळी औषधं स्वतंत्रपणे लिहून देऊ शकतात. दक्षिण आफ्रिकेने २०१० साली प्राथमिक केंद्रातल्या नर्सना एचआयव्हीचे उपचार सुरू करायला लावले, कारण डॉक्टरांची वाट पाहण्यात माणसं मरत होती. डॉक्टरांऐवजी नर्सने प्राथमिक उपचार केले तर काय होतं, याच्या १८ चाचण्यांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये एकत्रित आढावा घेतला. रुग्णांचे परिणाम डॉक्टरांच्या बरोबरीचे किंवा काही बाबतींत सरस, रुग्ण थोडे अधिक समाधानी आणि तपासणीला वेळ थोडा जास्त, असा तो निष्कर्ष आहे. त्यातल्या बहुतेक चाचण्या श्रीमंत देशांतल्या आहेत, हे मान्य. मग आपल्याकडे चाचणी करा. आम्ही तयार आहोत.

दुसरी तक्रार कायद्याची आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ मध्ये 'कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर' हे पद आहे. प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेत ठरवून दिलेली औषधं त्याने स्वतंत्रपणे द्यावीत, इतर ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आमच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन दुसरीकडे कुठे मिळणार नाही. पण उपकेंद्रातल्या एकाही नर्सच्या हातात त्या कलमाखालचा परवाना मी आजवर पाहिलेला नाही. २०२३ साली १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा आला. भारतीय परिचर्या परिषदेने प्राथमिक आरोग्य सेवेतल्या नर्स प्रॅक्टिशनरसाठी निवासी अभ्यासक्रमाचा आराखडाही केलेला आहे. म्हणजे कायद्यात जागा आहे, अभ्यासक्रम आहे, राज्यात आम्ही हजारोंनी माणसं कामावर आहोत. या तिघांना जोडणारा शासन निर्णय तेवढा नाही.

इथे एक नाजूक गोष्ट बोलावी लागेल. महाराष्ट्रात सीएचओच्या पदावर आयुर्वेद पदवीधर आणि नर्सिंग पदवीधर असे दोघेही आहेत. माझे आयुर्वेदाचे सहकारी मन लावून काम करतात, त्यांच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यांना राज्याच्या कायद्याचा आधार आहे, आम्हाला नाही. पद एक, काम एक, उद्दिष्ट एक, आणि चूक झाली तर कोर्टात उभं राहण्याची स्थिती वेगवेगळी. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी राज्याने २०१४ साली कायद्यात दुरुस्ती केली आणि औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम आणला. त्यावर डॉक्टरांच्या संघटनांचे जे वाद आहेत त्यात मला पडायचं नाही. मला एवढंच विचारायचं आहे की ज्या राज्याने इतरांसाठी वाट काढली, त्याला आधुनिक वैद्यकाच्याच रुग्णालयांत चार वर्षं वॉर्ड ड्युटी करत शिकलेल्या नर्सची आठवण का झाली नाही? रात्री दोनला आयसीयूत औषधाचा डोस मोजून देणारी, डॉक्टरला 'सर, हा डोस जास्त वाटतो' असं सांगणारी नर्सच असते. ती खेड्यात आली की एकदम अजाण कशी होते?

तिसरी तक्रार प्रशिक्षणाची, आणि ही मी नर्सच्या बाजूने नाही, रुग्णाच्या बाजूने करते आहे. सहा महिने पुरेसे नाहीत. डॉक्टरांच्या संघटना म्हणतात की अर्धवट शिकलेल्यांना गरिबांच्या माथी मारू नका. मी त्यांच्याशी सहमत आहे. सहा महिन्यांत आम्ही कार्यक्रमांची माहिती शिकलो, फॉर्म शिकलो, पण बाह्यरुग्ण विभागात अनुभवी डॉक्टरच्या शेजारी बसून शंभर तापांतून एक वेगळा ताप ओळखायला जेवढा वेळ लागतो तेवढा मिळाला नाही. मला मिळायला हवा होता. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं उदाहरण घ्या. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायची आहे. आम्ही ती करतो, रंगीत कार्डं वाटतो. पण सिकलसेलचं पोर दुखण्याने विव्हळत आलं की घरी काय द्यायचं, छातीत कफ आणि ताप असला तर किती तासांत वर न्यायचं, हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या औषधावर असलेल्या मुलाच्या रक्ताच्या तपासण्या कधी बघायच्या, हे आम्ही एकमेकींना फोन करून शिकलो. अधिकार मागताना मी अधिक कठीण परीक्षाही मागते आहे. परीक्षेत जी नापास होईल तिला अधिकार देऊ नका.

चौथी गोष्ट पगाराची आणि कराराची. केंद्राच्या मूळ सूचनांत आमचं मानधन दोन तुकड्यांत आहे : २५,००० ठरलेले आणि १५,००० पर्यंत कामावर आधारित मोबदला. तो मोबदला निर्देशांकांवर मोजतात आणि निर्देशांक पोर्टलवर. याचा परिणाम असा की रुग्णाचा रक्तदाब आटोक्यात आला की नाही यापेक्षा त्याची नोंद महिना संपायच्या आत चढली की नाही, याची धास्ती जास्त. दुपारपर्यंत रुग्ण आणि दुपारनंतर टॅब, असं आमचं वेळापत्रक झालं आहे. एकाच माणसाची माहिती मी निरनिराळ्या अॅपमध्ये पुन्हा पुन्हा भरते. एका दिवसात वेगवेगळ्या नोंदींसाठी तीनदा त्याचा मोबाइल नंबर विचारला, की तो चौथ्यांदा येत नाही.

करार ११ महिन्यांचा. १४ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या दहा वर्षं सेवा झालेल्या कर्मचाऱ्यांच्या नियमित सेवेतल्या समायोजनाचा मार्ग निघाला, त्याचं स्वागत. पण आमचं पदच २०१८ नंतरचं, आम्ही त्यात बसत नाही. या पत्राखाली माझं नाव नाही, त्याचं कारणही करारच आहे. ज्या हाताने आढावा होतो त्याच हाताने नूतनीकरणाची शिफारस होते.

२०२४ मध्येच आपल्या राज्याने कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला, त्यात परिचारिकाही आहेत. माझ्या बॅचच्या काही मुली जर्मन शिकत आहेत. त्यांनी जरूर जावं. पण त्या जाताना पगारापेक्षा एक गोष्ट जास्त वेळा बोलतात : तिकडे नर्सचं ऐकतात.

आता मागण्या. त्या साध्या आहेत आणि बहुतेक आपल्या खात्याच्याच अखत्यारीत येतात. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय आहे, केंद्राकडे बोट दाखवून त्या टाळता येणार नाहीत.

१. उपकेंद्रातल्या नर्ससाठी लेखी स्थायी आदेश काढा. कोणत्या आजारात, कोणत्या मोजमापावर, कोणतं औषध, किती डोसपर्यंत ती स्वतः सुरू करू शकते, आणि कोणती लक्षणं दिसली की औषध न देता लगेच वर पाठवायचं, हे सगळं दोन-चार पानांत मावतं. सुरुवात गुंतागुंत नसलेल्या उच्च रक्तदाबापासून करा. भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा या जिल्ह्यांत भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाखाली ठरावीक औषधक्रमाने, सगळ्या चमूने मिळून रुग्ण सांभाळण्याचं काम आधीच झालेलं आहे. तिथला अनुभव कपाटात ठेवू नका.

२. कलम ३२ खालचे नियम व्हावेत आणि त्यात नोंदणीकृत नर्सना स्थान मिळावं, यासाठी राज्याने केंद्राकडे लेखी मागणी करावी आणि ते पत्र जाहीर करावं. तोवर स्थायी आदेशांप्रमाणे केलेल्या उपचाराबद्दल नर्सला कायदेशीर संरक्षण राज्याने द्यावं.

३. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने प्राथमिक आरोग्य सेवेतल्या नर्स प्रॅक्टिशनरचा निवासी अभ्यासक्रम सुरू करावा. त्यातला मोठा भाग जिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, डॉक्टरांच्या शेजारी असावा. सध्या कामावर असलेल्या नर्सना वेतन चालू ठेवून टप्प्याटप्प्याने पाठवा. आदिवासी तालुके आधी घ्या.

४. वैद्यकीय अधिकाऱ्यांची रिकामी पदं भरा. ही मागणी नर्स करते आहे याचं आश्चर्य वाटू देऊ नका. आम्हाला डॉक्टर व्हायचं नाही, डॉक्टरांची जागाही घ्यायची नाही. आमच्या मागे भक्कम डॉक्टर असेल तरच आमचा अधिकार सुरक्षित राहील. ठरलेल्या दिवशी त्यांनी उपकेंद्रात यावं, आम्ही सुरू केलेले उपचार तपासावेत, चुकलं तिथे कान धरावा. मधल्या दिवसांत फोन उचलणारं कुणीतरी तालुक्यात कायम असावं.

५. नर्स प्रॅक्टिशनरचं स्वतंत्र, कायम पद निर्माण करा. मानधनाचे दोन तुकडे एक करा. आणि एका रुग्णाची एक नोंद एकदाच भरावी लागेल अशी व्यवस्था करा, बाकीची अॅप त्यातून माहिती घेतील.

६. हे सगळं आधी दोन-तीन आदिवासी तालुक्यांत करून पाहा. वर्षभराने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करवून घ्या : किती जणांचा रक्तदाब आटोक्यात आला, किती चुका झाल्या, किती रुग्ण वेळेत वर पोचले. निष्कर्ष आमच्या विरुद्ध गेले तरी ते छापा.

आमच्या तालुक्यातली माणसं यंदाही दिवाळीनंतर द्राक्षबागांकडे जातील. त्याआधी निदान पहिल्या मागणीवर, स्थायी आदेशांवर, आपल्या खात्याने निर्णय घ्यावा. त्याला नवा कायदा लागत नाही, नवा निधी लागत नाही, औषधं कपाटात आहेतच. निर्णय नकाराचा असेल तर त्याचं वैद्यकीय कारण लेखी द्यावं, म्हणजे ते मी पाड्यावरच्या बैठकीत लोकांना वाचून दाखवेन.

आपली,
एक समुदाय आरोग्य अधिकारी (बी.एस्सी. नर्सिंग)
नाशिक जिल्ह्यातल्या एका आदिवासी तालुक्यातून